‘तुम्हांला काय वाटतं?’ – इंग्रजीत मत विचारायला शिकताना

इंग्रजी बोलायला शिकवणारं कोणतंही पुस्तक उघडा, मत कसं विचारावं यावर त्यात एक धडा सापडतोच. धड्यात आठ-दहा वाक्यांची यादी असते. ‘व्हॉट डू यू थिंक?’, ‘व्हॉट इज युवर ओपिनियन?’, ‘हाऊ डू यू फील अबाउट धिस?’ मुलं ती यादी पाठ करतात, वहीत उतरवतात, परीक्षेत गाळलेल्या जागा भरतात आणि पूर्ण गुणही मिळवतात. त्याच मुलांना समोरासमोर बसवून एकमेकांचं मत विचारायला सांगितलं, की मात्र खोलीत शांतता पसरते.

आम्ही तिघी शिक्षिका कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालवतो. वर्गात उर्दू माध्यमाच्या मुली आहेत, मराठी माध्यमाच्या आहेत, नर्सिंगचा अभ्यास करणाऱ्या आहेत. ज्यांचे मियाँ कुवेत-कतारला असतात आणि शाळेच्या सभेला, बँकेत, दवाखान्यात ज्यांना एकटीनं जावं लागतं, अशा भाभीही आहेत. या सगळ्यांबरोबर काम करताना आम्हांला एक गोष्ट कळली. मत विचारण्याची वाक्यं शिकवणं हे दोन-चार तासांचं काम आहे. ज्याचं उत्तर आपल्याला खरोखर हवं आहे असा प्रश्न विचारायला शिकवणं, याला महिने लागतात. आणि ते काम वर्गापुरतं राहत नाही, घरापर्यंत जातं. म्हणून हा लेख इंग्रजीच्या शिक्षकांइतकाच आईवडिलांसाठीही आहे.

उत्तर ठाऊक असलेले प्रश्न

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. म्हणजे दहावीला बसणाऱ्या मुलीनं दहा वर्षं इंग्रजीचे तास ऐकलेले असतात. या दहा वर्षांत तिला इंग्रजीतून हजारो प्रश्न विचारले गेले. ‘व्हॉट इज धिस?’ – ‘धिस इज अ पेन.’ ‘हू वॉज अकबर्स फादर?’ – ‘हुमायून.’ यातल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक होतं. पेन तर सगळ्यांना दिसतच होतं. प्रश्न होता तो मुलीला उत्तर येतं की नाही, हे पाहण्यासाठी.

मायकेल लाँग आणि चार्लीन सातो या अभ्यासकांनी १९८३ मध्ये इंग्रजी शिकवणारे शिक्षक वर्गात कसे प्रश्न विचारतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्गाबाहेर इंग्रजी बोलणारी माणसं शिकणाऱ्यांशी जशा गप्पा मारतात, त्यांच्याशी त्यांनी तुलना केली. वर्गात परीक्षा घेणाऱ्या प्रश्नांचा भरणा होता. वर्गाबाहेरच्या गप्पांत तसले प्रश्न जवळजवळ नव्हतेच. साहजिक आहे. शेजारणीला हातातलं पेन दाखवून ‘हे काय आहे?’ असं कुणी विचारत नाही.

या सगळ्यातून मुलीच्या मनात एक समज पक्का होतो : इंग्रजीत प्रश्न म्हणजे परीक्षा. तिला ‘व्हॉट डू यू थिंक?’ असं विचारलं की ती आमच्या चेहऱ्याकडे बघते, बरोबर उत्तर कोणतं याचा अंदाज घेते. तिला स्वतःला विचारायला सांगितलं, तर ती पुस्तकातलं वाक्य शिक्षकाच्या आवाजात म्हणते आणि उत्तर न ऐकताच खाली बसते. म्हणून आम्ही यादीपासून सुरुवात करत नाही. पहिल्या तासाला फक्त एकच नियम असतो : ज्याचं उत्तर तुम्हांला माहीत नाही, तेच विचारायचं.

जीभ कुठे अडते

भाषेचं काम सोपं असलं तरी ते नीट करावं लागतं. मराठी, उर्दू किंवा दखनीत विचार करणाऱ्या मुलीची जीभ इंग्रजीत ठरावीक ठिकाणी अडते. त्या जागा आधीच दाखवून दिल्या, तर बराच वेळ वाचतो.

पहिली जागा ‘कसं’ची. आपण विचारतो, ‘हा रंग तुला कसा वाटतो?’ उर्दूत म्हणतो, ‘यह रंग कैसा लगा?’ त्याचं शब्दाला शब्द जोडून इंग्रजी होतं, ‘हाऊ डू यू थिंक धिस कलर?’ इंग्रजी माणसाच्या कानाला हे ‘तू विचार कोणत्या पद्धतीनं करतेस?’ असं काहीतरी ऐकू येतं. इथं ‘हाऊ’ नको, ‘व्हॉट’ हवं, आणि मध्ये ‘ऑफ’ हवं : ‘व्हॉट डू यू थिंक ऑफ धिस कलर?’ ‘ती शाळा कशी आहे?’ याचंही तसंच. ‘व्हॉट इज दॅट स्कूल लाइक?’ असं विचारलं म्हणजे शाळेचं वर्णन मिळतं. ‘हाऊ इज’ हे बहुतेक तब्येत किंवा सध्याची हालहवाल विचारण्यासाठी येतं : ‘हाऊ इज युवर मदर?’ मुलींना आम्ही एक सोपी खूण देतो. मराठीत ‘कसं’ आलं की थांबा, आणि इंग्रजीत ‘व्हॉट’ बसतं का ते आधी पाहा.

दुसरी जागा ‘माझ्या मते’ची. त्याचं ‘अकॉर्डिंग टू मी’ होतं आणि त्यावरून विचारताना ‘अकॉर्डिंग टू यू?’ हे ओघानंच येतं. आपल्याकडे सगळीकडे हे ऐकू येतं, सभांतून आणि टीव्हीवरूनही. पण ‘अकॉर्डिंग टू’ हे इंग्रजीत दुसऱ्याचा हवाला देताना वापरतात : वर्तमानपत्रानुसार, वेळापत्रकानुसार, डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार. स्वतःचं मत सांगताना ‘आय थिंक’ पुरतं. दुसऱ्याचं विचारताना ‘डू यू थिंक’ किंवा ‘इन युवर ओपिनियन’ म्हणावं.

तिसरी जागा शब्दांच्या क्रमाची, आणि सगळ्यांत जास्त मुली इथं अडखळतात. ‘तुला वाटतं, कोणता चांगला आहे?’ याचं ‘डू यू थिंक विच वन इज बेटर?’ असं होतं. मराठीत ‘कोणता’ हा शब्द आपल्या जागी बसून राहिला तरी चालतं. इंग्रजीत प्रश्नाचा शब्द उठून वाक्याच्या तोंडाशी येतो : ‘विच वन डू यू थिंक इज बेटर?’ ‘आपण कुठं जावं असं तुला वाटतं?’ – ‘व्हेअर डू यू थिंक वी शुड गो?’ इथं ‘शुड वी’ नाही, ‘वी शुड’. यासाठी आम्ही कागदाच्या पट्ट्या वापरतो. एका पट्टीवर प्रश्नाचा शब्द, दुसरीवर ‘डू यू थिंक’, तिसरीवर उरलेलं साधं वाक्य. पट्ट्या जमिनीवर मांडायच्या, मोठ्यानं वाचायच्या आणि शेवटची पट्टी बदलत राहायची. वीस वेळा पट्ट्या हलवल्या की क्रम कानात बसतो, नियम सांगावा लागत नाही.

चौथी जागा मत आणि सल्ला यांच्या सरमिसळीची. ‘मला एखादं पुस्तक सुचव’ याचं ‘सजेस्ट मी अ बुक’ होतं. खरं तर ‘कॅन यू सजेस्ट अ बुक?’ एवढंच पुरे, ‘मी’ची गरज नाही. ‘ओपिनियन’ मोजता येतं, एक किंवा अनेक. ‘ॲडव्हाइस’ मात्र इंग्रजीत पाण्यासारखी आहे, तिला ‘ॲन’ लागत नाही. ‘गिव्ह मी ॲन ॲडव्हाइस’ऐवजी ‘कॅन यू गिव्ह मी सम ॲडव्हाइस?’ असं म्हणायचं.

आणि एक गोष्ट वजनाची. आपण घरात कधी ‘तुझं मत काय?’ असं विचारतो का? ‘मत’ हा शब्द निवडणुकीचा, सभेचा. घरात आपण ‘तुला काय वाटतं?’ म्हणतो, किंवा ‘क्या बोलते?’ म्हणतो. इंग्रजीतही असंच आहे. ‘व्हॉट इज युवर ओपिनियन?’ हे चुकीचं नाही, पण जड आहे. चर्चेत, मुलाखतीत ते शोभतं. साडीचा किंवा ओढणीचा रंग विचारताना ‘व्हॉट डू यू थिंक?’ हेच योग्य. ज्या वजनाचा विषय, त्याच वजनाचा प्रश्न.

एकच ‘यू’ आणि आपला अदब

आमच्या वर्गात हमखास येणारा एक प्रश्न असा : ‘आपा, इंग्रजीत दादाजींनाही ‘यू’ आणि धाकट्या भावालाही ‘यू’? मग अदब कुठं गेला?’

प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण यांतून नातं कळतं. इंग्रजीत हे काम सर्वनाम करत नाही, वाक्याची लांबी आणि ठेवण करते. मैत्रिणीला ‘व्हॉट डू यू थिंक?’ पुरतं. मुख्याध्यापकांना किंवा डॉक्टरांना विचारायचं तर ‘कुड आय आस्क व्हॉट यू थिंक?’ किंवा ‘आय वुड लाइक टू आस्क युवर ओपिनियन अबाउट माय डॉटर्स स्टडीज’ असं म्हणायचं. ‘कुड’ आणि ‘वुड’ हे इंग्रजीचे ‘आपण’ आहेत, असं आम्ही मुलींना सांगतो. इथं एक बारकावा लक्षात ठेवायचा. ‘कुड आय आस्क’ आधी आलं की पुढचा ‘डू’ गळतो : ‘व्हॉट डू यू थिंक’ न म्हणता ‘व्हॉट यू थिंक’ म्हणायचं. पुढे प्रश्नाचं कारणही सांगितलं, तर ऐकणाऱ्याला आपला मान राखला गेला असं वाटतं : ‘तुम्ही तिला तीन वर्षं शिकवलंय, म्हणून विचारते.’

हे शिकण्याची गरज कुणाला आहे, तेही पाहू. नर्सिंग करून ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियाला जाऊ पाहणाऱ्या मुली ‘ओईटी’ नावाची परीक्षा देतात. तिच्या बोलण्याच्या भागात प्रत्येकी सुमारे पाच मिनिटांचे दोन प्रसंग असतात. उमेदवार नर्स होते, समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक. इंग्रजी शुद्ध आहे का, एवढंच तिथं पाहत नाहीत. रुग्णाला काय वाटतं, कसली भीती आहे, काय अपेक्षा आहे, हे नर्सनं विचारलं का आणि पुढच्या बोलण्यात ते ध्यानात घेतलं का, हेही तपासतात. आमच्याकडच्या हुशार मुली सुरुवातीला इथंच गडबडतात. औषध कधी घ्यायचं, पथ्य काय पाळायचं हे त्या धडाधड सांगतात. ‘व्हॉट वरीज यू मोस्ट अबाउट द ऑपरेशन?’ हे विचारायचं त्यांच्या मनातच येत नाही. शब्द सगळे येत असतात. आजाऱ्याचं मत विचारायचं असतं, ही सवय नसते. ‘आयेल्ट्स’च्या तोंडी परीक्षेतही शेवटची चार-पाच मिनिटं मतांच्या देवाणघेवाणीचीच असतात. तिथं पाठांतर कामाला येत नाही.

‘ना’ लावलेला प्रश्न

आता थोडं नाजूक बोलू. काही प्रश्न दिसायला प्रश्न असतात, पण त्यांच्या पोटात उत्तर असतं. ‘छान आहे ना?’ ‘कॉमर्सच बरं, नाही का?’ इंग्रजीत त्यांचे भाईबंद आहेत : ‘डोन्ट यू थिंक कॉमर्स इज बेटर?’ ‘इट इज नाइस, इझन्ट इट?’ व्याकरणात काही चूक नाही. पण ऐकणारीला ‘हो’ म्हणण्यावाचून जागा उरत नाही.

वर्गात आम्ही फळ्यावर दोन रकाने पाडतो. एका बाजूला उघडे प्रश्न, दुसऱ्या बाजूला बंद. ‘व्हॉट डू यू थिंक ऑफ कॉमर्स?’ उघडा. ‘डोन्ट यू थिंक कॉमर्स इज बेटर?’ बंद. ‘आर यू ओके विथ धिस?’ अर्धा उघडा. मग मुलींना सांगतो : गेल्या आठवड्यात घरात तुम्हांला जे विचारलं गेलं, ते मराठीतच आठवा आणि योग्य रकान्यात टाका. बंद रकाना भराभर भरतो. उघड्या रकान्यात बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो : ‘आज काय रांधायचं?’ तोही मुली अम्मीला विचारतात, अम्मी मुलींना, आणि दोघींचं एकमत झालं तरी अखेरचा शब्द तिसऱ्याच कुणाचा तरी असतो. मुली हसतात. आम्हीही हसतो. पण तो रकाना फळ्यावर तसाच रिकामा दिसत राहतो.

आपल्या घरांत ‘मशवरा’ हा शब्द रोजचा आहे. कुरआनच्या बेचाळिसाव्या सूरहचं नावच ‘अश-शूरा’, म्हणजे सल्लामसलत. हुदैबियाच्या प्रसंगी प्रेषितांनी (स.) आपली अडचण उम्मे सलमा (रजि.) यांच्यापुढे मांडली आणि त्यांनी सुचवलं तसं केलं, ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकतो. मग घरात मशवरा कुणाकुणाशी होतो आणि कधी होतो, याची मोजदाद एकदा करायला काय हरकत आहे?

निकाहाचंच पाहा. मुलीच्या रजामंदीशिवाय निकाह होत नाही. पण रजामंदीचा प्रश्न सगळ्यांत शेवटी येतो आणि त्याला उत्तरं दोनच. पाहुणे जमलेले, देगी चढलेल्या, वकील आणि गवाह समोर बसलेले. त्या क्षणी ‘नाही’ म्हणायला किती मुलींचं धाडस होईल? काही महिने आधी, कुणाला होकार कळवण्यापूर्वी, शांतपणे विचारलेलं ‘तुला काय वाटतं?’ हा उघडा प्रश्न असतो. तो विचारला गेला असेल, तर पुढच्या ‘कबूल’ला खरं वजन येतं.

विचारल्यावर थांबायचं

प्रश्न उघडा असला तरी एक काम उरतं : थांबायचं. अमेरिकेतल्या मेरी बड रो या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात शेकडो वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर शिक्षक दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच बोलून टाकतात. हीच वेळ तीन सेकंदांवर नेली, तेव्हा उत्तरं लांबली, आपणहून बोलणारी मुलं वाढली आणि एरवी गप्प बसणारीही बोलू लागली.

परक्या भाषेत तर तीन सेकंदही अपुरे पडतात. मुलगी आधी आपलं मत ठरवते, मग शब्द शोधते, मग क्रम लावते. म्हणून आम्ही मनात दहा आकडे मोजतो. त्याबरोबर अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली एक युक्ती वापरतो. प्रश्न विचारल्यावर प्रत्येकीनं आधी एकटीनं विचार करायचा, मग शेजारणीशी बोलायचं आणि त्यानंतरच सगळ्यांसमोर सांगायचं. शेजारणीशी बोलताना जीभ सैल होते आणि आपलं मत अगदीच वेडगळ नाही, अशी खात्रीही पटते.

उत्तर मिळाल्यावर पुढचा प्रश्न कोणता, हेही शिकवावं लागतं. नुसतं ‘व्हाय?’ म्हटलं तर दरडावल्यासारखं वाटतं, जसं आपल्याकडे नुसतं ‘का?’ म्हटल्यावर वाटतं. ‘व्हॉट मेक्स यू से दॅट?’ किंवा ‘कॅन यू टेल मी मोअर?’ यात कुतूहल आहे, उलटतपासणी नाही. ज्याला अजून काही ठरवता आलं नाही, त्याच्यासाठी ‘आय ॲम नॉट शुअर येट’ हे वाक्य आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकवतो. तेही पूर्ण उत्तर आहे. ते मान्य केलं नाही, तर मुलं खोटं मत बनवून सांगायला लागतात.

प्रश्न कशाबद्दल असावा

आपल्याच देशात या विषयावर फार मोलाचं काम झालं आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवण्याचा एक प्रयोग केला. तो बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. व्याकरणाचे नियम आधी न सांगता मुलांना सोडवायला खरी कामं द्यायची, ही त्यामागची कल्पना होती. प्रभूंनी कामांचे तीन प्रकार सांगितले. एकात माहिती एकाकडे असते आणि दुसऱ्याला ती मिळवायची असते. दुसऱ्यात दिलेल्या माहितीवरून तर्कानं काही शोधायचं असतं, जसं वेळापत्रक पाहून कोणती गाडी पकडावी हे ठरवणं. तिसऱ्यात आपली आवड, भावना किंवा मत सांगायचं असतं. नवशिक्यांसाठी प्रभूंचा भर तर्काच्या कामांवर होता, कारण मतांच्या कामात उत्तर कुठवर न्यायचं याला सीमा नसते.

आम्ही त्यातून एवढं घेतलं की मत विचारायला लावायचं, पण विषयाला काठ ठेवायचे. ‘प्रदूषणाबद्दल तुमचं मत काय?’ असा विषय दिला की सगळ्या पुस्तकातला निबंध म्हणतात. ‘शीरखुर्म्यात चारोळी हवी की नको?’ म्हटलं की वर्गात जुंपते. भांडण इंग्रजीत करायचं एवढीच अट. शब्द अडला तर मराठीत विचारून घ्यायचा आणि पुन्हा इंग्रजीत यायचं.

सगळ्यांत चांगला विषय तो, ज्याच्या उत्तरानं काहीतरी बदलतं. रमजान जवळ आला तेव्हा वर्गाची वेळ बदलणं भाग होतं. संध्याकाळी इफ्तारची तयारी, त्यानंतर तरावीह. आम्ही मुलींना सांगितलं : वेळ तुम्ही ठरवायची, पण प्रत्येकीनं निदान तिघींचं मत इंग्रजीत विचारायचं आणि कारणासकट लिहून आणायचं. ‘व्हॉट टाइम डू यू थिंक वुड बी बेस्ट?’ हे वाक्य त्या दिवशी खोलीत शंभरदा तरी म्हटलं गेलं असेल. कुणी फजरनंतर म्हटलं, कारण मग दिवस मोकळा. लहान मुलं असलेल्या भाभींना ते जमणारं नव्हतं. शेवटी जोहरनंतर चाळीस मिनिटं असं ठरलं आणि महिनाभर वर्ग त्याच वेळी भरला. त्यानंतर आमच्या ‘व्हॉट डू यू थिंक?’ला मिळणारी उत्तरं बदलली. आपण बोललो तर काहीतरी घडतं, हे त्यांनी पाहिलं होतं.

विचारणं म्हणजे कबूल करणं नव्हे

पुढचा गृहपाठ घराचा होता. घरातल्या एका माणसाला एक खरा प्रश्न विचारायचा. भाषा कोणतीही चालेल, पण प्रश्न उघडा हवा. मिळालेलं उत्तर वर्गात इंग्रजीत सांगायचं.

वर्गात येणाऱ्या एका भाभींची मुलगी दहावी झाली होती. अकरावीला तिनं गावातल्याच कॉलेजात कॉमर्स घ्यायचं, असं घरात जवळजवळ ठरलेलं. भाभींनी रात्री तिला विचारलं, ‘तुला काय शिकावंसं वाटतं?’ मुलगी म्हणाली, ‘अम्मी, तू हे का विचारतेस? काही झालंय का?’ वर्गात हे सांगताना भाभी हसल्या आणि मग थोडा वेळ बोलल्या नाहीत. सोळा वर्षांच्या मुलीला असा प्रश्न इतका अनोळखी होता की तिला त्यात काहीतरी संकट दिसलं.

दोन दिवसांनी मुलीनं आपणहून उत्तर दिलं. तिला सायन्स हवं होतं, पुढं लॅब टेक्निशियन व्हायचं होतं. सायन्सचं कॉलेज बसनं तासाभरावर. वडील कतारला. व्हिडिओ कॉलवर तिघं बोलले. वडिलांना रोजच्या प्रवासाची काळजी होती, परतीची बस अंधारात होती, आणि ही काळजी खोटी नव्हती. मुलीनं कारणं सांगितली, त्यांनी त्यांची सांगितली. शेवटी असं ठरलं की सायन्स घ्यायचं, पण कॉलेजजवळ राहणाऱ्या मामूंच्या घरी राहून. मुलीला घरूनच जायचं होतं, ते जमलं नाही. वडिलांना ती गावातच हवी होती, तेही जमलं नाही.

हा प्रसंग आम्ही वर्गात पुन्हा पुन्हा वापरतो, कारण पालकांच्या मनातली एक भीती त्यानं कमी होते. मुलांचं मत विचारलं तर ते ऐकावंच लागेल, अशी ती भीती. तसं नाही. विचारणं म्हणजे कबूल करणं नव्हे. पण विचारल्यावर दोन गोष्टी मात्र देणं लागतो : उत्तर पूर्ण ऐकून घेणं, आणि ते मानता येत नसेल तर कारण सांगणं. यासाठी इंग्रजीत साधी वाक्यं आहेत. ‘थँक यू, दॅट हेल्प्स.’ ‘आय सी व्हॉट यू मीन, बट आय ॲम वरीड अबाउट द बस.’ मत विचारण्याच्या धड्यात ही वाक्यं क्वचितच असतात. ती असायला हवीत, कारण त्यांच्याशिवाय प्रश्न अर्धाच राहतो.

घरी काय करता येईल

यासाठी आईवडिलांना इंग्रजी यायलाच हवं असं नाही. दस्तरखानावर रोज एक उघडा प्रश्न ठेवा, मराठीत, उर्दूत, जी घरची भाषा असेल तिच्यात. ईदला कुणाकडे आधी जायचं, पडद्याचं कापड कोणतं घ्यायचं, धाकट्याला कोणत्या शाळेत घालायचं. सुरुवात सगळ्यांत लहान मुलापासून करा, म्हणजे मोठ्यांचं ऐकून तो आपलं मत बदलणार नाही. प्रश्नाच्या शेवटी ‘ना’ लावू नका. विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. मुलाला इंग्रजी येत असेल, तर तोच प्रश्न त्याला इंग्रजीत करून म्हणायला लावा. ‘व्हॉट डू यू थिंक, दादी?’ असं विचारलं आणि दादीनं आपल्या बोलीत उत्तर दिलं, तरी सराव झालाच. ते उत्तर त्यानं इंग्रजीत लिहून ठेवावं : ‘दादी थिंक्स...’ आणि पुढे कारण, ‘बिकॉज...’

शाळेतल्या शिक्षकांनीही पाठ संपल्यावर एक तरी प्रश्न असा विचारावा, ज्याचं उत्तर गाइडमध्ये नाही आणि स्वतः शिक्षकांनाही ठाऊक नाही. उत्तर मोडक्या इंग्रजीत आलं, तर आधी मताला दाद द्यावी आणि वाक्य मग दुरुस्त करावं. पहिल्याच शब्दाला क्रियापद सुधारलं, की मूल पुढचं मत गिळून टाकतं.

नोकरीच्या मुलाखतीत, दवाखान्यात, परदेशातल्या कॉलेजात आपल्या मुलामुलींना मत विचारलं जाणार आहे आणि त्यांना इतरांचं विचारावं लागणार आहे. ती वाक्यं आम्ही शिकवूच. पण ज्या मुलीला घरात कुणी विचारलेलंच नाही, तिला वर्गात सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं, तेही परक्या भाषेत. घरी सवय झालेली असेल, तर इंग्रजीत फक्त शब्द बदलायचे असतात.